एकोणसत्तर अठ्ठेचाळीस

वॉटफर्ड
रविवार, ८ मार्च २००९

चि. ईरा हिस बाबांचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. एडिनबरात तूही बरी असशील, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळून लॅबमध्ये जात असशील, असं धरून चालतो. फोनवर हवामानाचं बोलणं दर रविवारी होतंच, म्हणून इथे ते लिहीत नाही.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो, आणि माझं अक्षर पडलं डॉक्टरचं. आई म्हणायची, यांची पत्रं केमिस्टकडून वाचून घ्यावी लागतात. तेव्हा सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर सोडून दे, पण आकडे सोडू नकोस. आकडे मी दोन्ही पद्धतींनी लिहीन.

बॉयलर शेवटी बदलला. जुना तुझ्या जन्माच्या वर्षी बसवलेला, म्हणजे एकोणतीस वर्षं चालला. बसवणाऱ्या माणसाने तो बाहेर नेताना त्याच्या पाठीवर थाप मारली, ते मला आवडलं. मागच्या अंगणात डॅफोडिल्स आलेत. आईने कंद कुठे कुठे पुरले होते ते मला ठाऊक नव्हतं. ते वर आले की कळतं. मी त्यांच्यासाठी काही करत नाही आणि तेही माझ्याकडून काही मागत नाहीत.

काल सुपरमार्केटमध्ये मधुमतीबाई भेटल्या, तुझ्या रविवारच्या मराठी वर्गाच्या. ऐंशीला टेकल्यात, पण मला दंडाला धरून भाजीच्या रांगेतून बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ईरा मराठी बोलते ना अजून?" मी म्हटलं, "उत्तम." मग त्या आठवून हसल्या. "एकोणसत्तर म्हणजे किती, असं विचारलं की तुमची लेक छातीठोकपणे सेव्हंटी-नाइन सांगायची. सत्तर ऐकू येतंय, नऊ ऐकू येतंय, मग सेव्हंटी-नाइन नको का व्हायला, म्हणून माझ्याशीच वाद घालायची."

मीही हसलो. गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

ईरा, लीलच्या त्या शनिवारबद्दल आपण कधी बोललो नाही. आता पावणेतीन वर्षं होतील. मला वाटतं, ते संपवून टाकावं. परदेशात माणूस गोंधळतो, तुझ्या हातून आकडा चुकला, माझ्या तोंडून चार शब्द जास्त गेले. दोघांनीही ते सोडून द्यावं आणि पुन्हा पूर्वीसारखं बोलावं, एवढंच सांगायचं होतं.

तब्येतीला जप.
तुझे बाबा


मंगळवार, १० मार्च

वरचं पान पाकिटात घातलं, तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत नेलं आणि परत घेऊन आलो. त्यात एक वाक्य खोटं आहे. पान फाडणार होतो, पण राहू देतो. तुझे बाबा किती सहज खोटं लिहू शकतात, तेही कबुली द्यायला बसलेले असताना, हे तुला त्यावरून कळेल.

आज पहिल्यापासून सांगतो. तू तिथे होतीस, तरी सांगतो, कारण तुला जे माहीत आहे ते पुरं नाही.

२००६ च्या जूनमध्ये आईच्या केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये सहा आठवड्यांची मोकळीक होती. तिला फ्रान्समधल्या नव शापेलला जायचं होतं. तिचे आजोबा इंग्रजांच्या फौजेत सॅपर होते, म्हणजे खंदक-पूल बांधणारे, साताऱ्याकडचे, १९१४ साली तिथे लढाईत गेले. तिचे वडील तेव्हा पाच महिन्यांचे. देह सापडला नाही, पण तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर नाव कोरलेलं आहे, असं तिला पत्र आलं होतं. ते नाव तिला बोटाने वाचायचं होतं. तिच्या वडिलांनी ते पाहिलं नव्हतं, आजीने तर नाहीच नाही. "आमच्या घरातलं कुणीतरी एकदा तिथे उभं राहिलं पाहिजे हो," एवढंच तिचं म्हणणं.

प्रवासात पैसे कसे न्यायचे याची माझी एक पद्धत होती, आणि तुम्ही दोघी त्यावरून मला चिडवायचात. नोटा तीन जागी. थोड्या पाकिटात, थोड्या आईच्या पर्समध्ये, थोड्या माझ्या शर्टाच्या आतल्या पिशवीत. जवळ फार रोख ठेवायची नाही, लागेल तशी मशीनमधून काढायची, तीही दिवसाउजेडी आणि बँकेच्या भिंतीतल्या मशीनमधून. निघायच्या आधी बँकेला फोन करून ठेवायचा. त्या वर्षी फेब्रुवारीपासून दुकानांत सही चालेनाशी झाली होती आणि सगळीकडे पिन आला होता. पिन कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही, हे मी घरात इतक्या वेळा बजावलं होतं की आई मला बँकेचा माणूस म्हणायची.

आणि कार्ड एकच न्यायचं. क्रेडिट कार्ड मी घरी ठेवलं. "दोन्ही चोरीला गेली तर?" असं तुम्हाला सांगितलं. याकडे मी परत येईन.

शनिवारी दुपारी तिथून जवळच्या लील शहरात आपण स्टेशनसमोर उभे होतो. रविवारी परतीची ट्रेन. टॅक्सीवाल्याने नव शापेलला नेऊन, थांबून, परत आणायचे एकशे वीस युरो सांगितले, आणि तेही रोख. आपल्याकडे तिघांचे मिळून पंचावन्न होते. तुझं कार्ड स्टुडंट अकाउंटचं, देशाबाहेर न चालणारं, हे तू निघायच्या आधीच सांगितलं होतंस. म्हणून आपण चौकातल्या बँकेच्या मशीनकडे गेलो. बँक बाराला बंद झाली होती. आई दहा पावलांवर बाकावर बसली.

स्क्रीनवर फ्रेंच आलं. तू शाळेत फ्रेंच घेतलेलं, म्हणून तू पुढे झालीस. मी तुझ्याकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे मागच्यांना काही दिसू नये. रांगेत चारपाच माणसं होती. आणि मी माझी हुशारी केली. आकडा मराठीत सांगितला. इंग्रजी सगळ्यांना कळतं, मराठी लीलमध्ये कोणाच्या बापाला कळतंय.

तू म्हणालीस, "बाबा, रॉन्ग आहे म्हणतं. परत सांगा."

मी परत सांगितला. परत चुकला. तू म्हणालीस, "इंग्लिशमध्ये सांगा ना, प्लीज." मी म्हटलं, "सरळ मराठीतला आकडा कळत नाही का?" आणि तिसऱ्यांदा तोच सांगितला, आवाज चढवून, तोडून तोडून. मशीनने कार्ड गिळलं. काय लिहून आलं ते तू मला वाचून सांगितलंस, आणि तुझा आवाज लहान झाला होता.

मी विचारलं, काय दाबलंस? तू म्हणालीस, "सेव्हन-नाइन-फोर-एट. तुम्ही तेच बोलला."

तिथे मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही, तुला पाठ असेल. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाइन, हे दहा वर्षांची असताना येत नव्हतं आणि सव्विसाव्या वर्षीही येत नाही, असं म्हणालो. आईने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती तुझ्या अडाणीपणामुळे गेली, असंही म्हणालो. रांगेतली माणसं बघत होती. तू रडत नव्हतीस. तू फक्त म्हणालीस, "मी बरोबर ऐकला, बाबा."

आणि मी म्हणालो, "ऐकला नाही, ऐकलं. आधी भाषा शीक, मग मला शिकव."

त्यानंतर तू स्टेशनात जाऊन टाइमटेबल बघून आलीस. जवळच्या गावापर्यंत ट्रेन आहे, तिथून टॅक्सी थोडक्यात होईल, पंचावन्नात बसतंय, असं तू आईला सांगितलंस. बसत होतं. मी आता हिशेब करून पाहिला, आरामात बसत होतं. मी म्हटलं, तमाशा पुरे झाला, आता हॉटेलवर चला. म्हणजे कार्ड गेलं म्हणून नव शापेल राहिलं, हेही खरं नाही. माझा राग निघाला नव्हता म्हणून राहिलं.

आई बाकावरून उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "राहू दे. पुढच्या वेळी." पुढची वेळ नाही हे आपल्या तिघांपैकी दोन जणांना तरी ठाऊक होतं, आणि त्या दोघांत मी होतो.


संध्याकाळ

चहा करून आलो. आता जे लिहायचं आहे त्यासाठी सकाळपासून तीनदा खुर्चीवरून उठलोय.

जुलैमध्ये नवं कार्ड आलं. पिन जुनाच राहील असं बँकेने कळवलं होतं. मी एकटा हाय स्ट्रीटवर गेलो, मशीनमध्ये कार्ड घातलं आणि आकडा दाबला. चुकला. नीट बघून परत दाबला. परत चुकला. तिसऱ्यांदा दाबला नाही. कार्ड काढून घेतलं आणि बाजूच्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहिलो. काच बुटांच्या दुकानाची होती.

मी सात-नऊ-चार-आठ दाबत होतो. ७९४८.

बँकेला फोन करून पिन पुन्हा पोस्टाने मागवला. पाच दिवसांनी चिठ्ठी आली. त्यावर सहा-नऊ-चार-आठ होतं. ६९४८. एकोणसत्तर अठ्ठेचाळीस. तो आकडा आता बदललेला आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

म्हणजे लीलला मी एकोणसत्तर म्हणालोच नव्हतो. मी एकोणऐंशी म्हणालो होतो. तीनदा. माझ्या डोक्यात तो आकडा केव्हातरी सरकला होता आणि मला ते कळलंच नव्हतं. मी एकोणऐंशी म्हणालो, तू सेव्हंटी-नाइन दाबलंस. लहानपणी जी चूक करत होतीस ती तू त्या दिवशी केली नाहीस. मधुमतीबाईंची सगळी मेहनत त्या दिवशी फळाला आली होती.

हे मला जुलै २००६ मध्ये कळलं. फोन समोर होता. मी केला नाही.

का नाही केला, हे मी स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगत आलो. तुझ्या परीक्षा होत्या, आईची केमो सुरू होणार होती, फोनवर अशा गोष्टी होत नाहीत. खरं कारण वेगळं आहे. छत्तीस वर्षं मी भूल देत आलो, ईरा. आकडा हे माझं काम. वजन, डोस, मिनिटं. एका आकड्याच्या चुकीने समोरचा माणूस उठत नाही. मी कधी चुकलो नाही, आणि याचा मला जेवढा माज होता तेवढा कशाचाच नव्हता. तुला फोन केला असता तर सांगावं लागलं असतं की माझ्या डोक्यात काहीतरी सुरू झालंय. तुला सांगितलं की ते खरं झालं असतं.

आणि ते आधीच सुरू झालं होतं. क्रेडिट कार्ड घरी का ठेवलं, तर दोन कार्डं म्हणजे दोन आकडे, आणि मला दोन आकडे वेगळे ठेवता येईनासे झाले होते. चोरांचं निमित्त तुम्हा दोघींना सांगितलं. निघताना मला माहीत होतं, ईरा. तरी मी पाठ फिरवून उभा राहिलो, आणि चुकीची शक्यता सगळी तुझ्या बोटांवर टाकली.

सप्टेंबरात तू आईला बघायला आलीस तेव्हा मी जिन्यात होतो. आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तू म्हणालीस, "आय ॲम सो सॉरी, आई. माझ्यामुळे तू तुझ्या आजोबांचा नाव नाही बघितलीस." आई म्हणाली, "तुझ्यामुळे नाही गं." तू तिच्या हातावर डोकं ठेवलंस. आई समजूत घालते आहे, असं तुला वाटलं. साहजिक आहे. मी जिन्यात होतो, मला खरं ठाऊक होतं, आणि मी खाली उतरून गेलो.

त्यानंतर तू माझ्याशी मराठी बोलली नाहीस. भांडली नाहीस, फोन बंद केला नाहीस, दर रविवारी सात मिनिटं नेमाने बोलतेस, पण इंग्रजीत. आईच्या फ्युनरललासुद्धा तू माझ्या खांद्यावर हात ठेवून "आर यू वॉर्म इनफ?" विचारलंस. माझ्याशी मराठी बोलून चूक होण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं तू ठरवलं असणार. त्यात तुझं काय चुकलं?

आता शेवटचं.

आई जायच्या तीन दिवस आधी, हॉस्पिसमध्ये, दुपारी. मी तिला चमच्याने पाणी देत होतो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही ऐंशी म्हणाला होतात. मी बाकावरून ऐकलं होतं."

मी म्हटलं, "कधी गं?"

"लीलला. एकोणऐंशी म्हणालात. मला वाटलं, आता बोलले तर चारचौघांत तुमची मान खाली जाईल, घरी गेल्यावर सांगेन. मग घरी आल्यावर तुमचा चेहरा बघून कळलं की तुम्हालाही कळलंय. म्हटलं, सांगतील आपण होऊन."

मी म्हणालो, "औषधामुळे होतं असं. काहीबाही आठवतं."

ईरा, तिच्या उशाशी चार्ट होता. मॉर्फिनचा डोस मी रोज वाचत होतो. त्या डोसने माणूस इतका गोंधळत नाही, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. ती शुद्धीवर होती आणि खरं बोलत होती. आणि मी तिला, मरणाच्या दारात असलेल्या माझ्या बायकोला, तुझं डोकं ठिकाणावर नाही असं सांगितलं. माझं नव्हतं म्हणून.

ती रागावली नाही. डोळे मिटून म्हणाली, "ईराला फोन करा. मी सांगितलं तर तिला समजूत वाटते. तुमच्याच तोंडून जायला हवं." मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यालाही दोन वर्षं होऊन गेली.

आज का लिहितोय ते सांगतो. गेल्या गुरुवारी मी मेमरी क्लिनिकला जाऊन आलो. आधी फॉर्मवर वय लिहायचं होतं. मी सध्या एकोणसत्तरचा आहे, एप्रिलात सत्तरचा होईन. आकडा लिहिताना पेन थांबलं. शेवटी जन्मसालावरून हिशेब करून लिहिला. मग तुझ्याच वयाची एक डॉक्टर म्हणाली, शंभरातून सात वजा करा आणि करत राहा. मी हिशेब मनात मराठीतच करतो, सगळा जन्म तसाच केला. त्र्याण्णव, शहाऐंशी, इथपर्यंत इंग्रजीत नीट सांगितलं. मग मनात एकोणऐंशी आलं, अगदी स्वच्छ, आणि तोंडातून सिक्स्टी-नाइन गेलं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि "टेक युअर टाइम, डॉक्टर" म्हणाली, इतक्या मऊ आवाजात की मला कळलं. मी पेशंटशी असाच बोलायचो.

तेव्हा ही घाई आहे. आजारपणाची बातमी म्हणून हे वाचू नकोस, त्याची पत्रं हॉस्पिटल पाठवेल आणि ती इंग्रजीत असतील. लीलला खरं काय झालं हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातली एक गेली. दुसऱ्याच्या डोक्यातून गोष्टी सरकताहेत, आणि कोणती कधी जाईल ते माझ्या हातात नाही. उद्या कदाचित मला तेवढंच आठवेल, की ईराने आकडा चुकवला. ते मी परत तुझ्यासमोर म्हणेनही. म्हटलं तर हे पत्र मला दाखव.

सोबत बँकेची ती चिठ्ठी जोडली आहे. तारीख १८ जुलै २००६ ची आहे, आकडा छापलेला आहे. कुठे लिहायचा नाही म्हणणाऱ्या माणसाने ती कपाटात जपून ठेवली होती, म्हणजे मनात कुठेतरी तुला द्यायचीच असणार, असं मी स्वतःला सांगतो. आईला आलेलं ते जुनं पत्रही घालतोय. त्यात आजोबांचं नाव आणि ते भिंतीच्या कोणत्या भागावर आहे ते लिहिलेलं आहे. तू कधी गेलीस तर बोटाने वाच. मला घेऊन जा असं मी म्हणत नाही. नेलंस तर येईन, आणि कार्ड तुझं असेल.

क्षमेबद्दल काही लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मागायची लाज वाटते. आणि हे पत्र मराठीत आहे, कारण जे केलं ते मी मराठीत केलं.

एवढं मात्र तू त्या चौकात म्हणाली होतीस तसंच लिहून सही करतो. ऐकला तो आकडा होता, तेव्हा व्याकरण माझ्या मते आता बरोबर आहे.

तू बरोबर ऐकला, ईरा.

बाबा